फलकावरचं 'सह'

तमाशाच्या फडाचा फलक नुसता वाचून भागत नाही, तो उलगडावा लागतो. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ.' 'मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे.' 'चंद्रकांत ढवळपुरीकर सह किरणकुमार ढवळपुरीकर.' नाटकाच्या जाहिरातीत 'सह' आलं की समजायचं, दोन नट एकत्र आलेत. तमाशाच्या फलकावर मात्र त्या दोन अक्षरांत बहुतेकदा एक अख्खं घर असतं. पहिल्या फलकावर मुलगा आणि आई, दुसऱ्यावर आई आणि मुलगा. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, यावरून फडाच्या चाव्या आता कोणाच्या कमरेला आहेत तेही जाणत्याला कळतं. आडनावाच्या जागी बहुधा गावाचं नाव असतं, कारण या कलेत माणूस जातीपेक्षा गावावरून ओळखला जाण्यात शहाणपण होतं. याला अपवाद नारायणगावच्या भाऊ-बापूंचा. त्यांनी 'मांग' हा शब्द फलकावरच ठेवला आणि त्याच नावाने तंबू भरवले.

राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा हे गाव या फलकांना चांगलं ओळखतं. गाव नगरपरिषदेचं, पण जीव शेतीत. नगर-मनमाड रस्त्यावरचा शेजारचा थांबा तर 'राहुरी फॅक्टरी' याच नावाने ओळखला जातो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि या खोऱ्यातल्या कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. आधी बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना, मग १९५० मध्ये लोणीचा सहकारी कारखाना, पुढे राहुरीचा. याच नदीच्या वरच्या अंगाला संगमनेर. फलकावरचे खेडकर आणि सातारकर तिथले.

ऊस आणि तमाशा यांचं पंचांग एकच आहे, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कारखान्याचा बॉयलर पेटतो दसरा-दिवाळीच्या सुमारास, तंबूचा फड बाहेर पडतो दसऱ्याला. गाळप संपतं उन्हाळ्यात, फड परततात बुद्धपौर्णिमेच्या आसपास. मधल्या सात-आठ महिन्यांत बागायतदाराच्या हातात उसाचे पैसे असतात, कामगाराच्या हातात पगार, आणि पाथर्डीकडून नि बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या कोप्या टाकून कारखान्याभोवती राहिलेल्या असतात. एवढं गिऱ्हाईक एका जागी दुसरीकडे कुठे मिळणार? आणखी एक साम्य आहे. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतो तिला 'उचल' म्हणतात. तमाशातला कलावंत फडमालकाकडून जी घेतो, तिलाही उचलच म्हणतात.

तंबूचा फड गावात यायचा म्हणजे पहाटे ट्रक यायचे. ऊस तुटून मोकळं झालेलं किंवा बाजाराचं सपाट रान बघून बिगारी खांब रोवायला लागायचे. भोवती कापडी कनात, एका तोंडाला लाकडी फळ्यांचा उंच रंगमंच, त्यामागे बायकांच्या नि पुरुषांच्या वेगवेगळ्या राहुट्या, एका बाजूला तीन दगडांवर चढलेलं पिठलं-भाताचं पातेलं. दुपारी कलावंत झोपलेले असताना भोंग्याची गाडी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर फिरायची आणि रात्रीच्या वगाचं नाव ओरडून सांगायची. संध्याकाळी बैलगाड्या, पुढच्या काळात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागायच्या. तिकीट काढून आत जाणारे एकीकडे, कनातीखालून अंग घसरवून आत शिरू पाहणारी पोरं दुसरीकडे, आणि त्यांच्यामागे काठी घेऊन फिरणारा फडाचा माणूस तिसरीकडे. हा खेळ आतल्या खेळाआधीच सुरू व्हायचा.

रंगमंचाच्या मागे त्याच वेळी वेगळी तयारी चालायची. हलगीचं कातडं थंडीने सैल पडतं. मग कोणीतरी पाचट नाहीतर जुना कागद पेटवतो आणि हलगीवाला ती ज्वाळेवर फिरवत फिरवत बोटाने टिचकी मारून बघतो. आवाज 'भद्द' आला की पुन्हा आगीवर. 'टण्ण' वाजली की उठला. ढोलकीवाला कड्या ठोकून सूर चढवतो. बायका पायांना चाळ बांधतात. ते इतके जड असतात की चालताना पाय उचलावा लागत नाही, ओढावा लागतो, पण बोर्डावर गेल्यावर तोच पाय हलका होतो. बोर्ड म्हणजे रंगमंच. तमाशातल्या बाया 'स्टेजवर गेले' म्हणत नाहीत, 'बोर्डावर उभी राहिले' म्हणतात.

मग ढोलकी-हलगीची सलामी, गण, गवळण. गवळणीत कृष्ण ज्यांची वाट अडवतो त्या गवळणींची मावशी, म्हणजे बाईचं सोंग घेतलेला पुरुष, पहिला हशा मिळवते. मग सरदार आणि सोंगाड्याची बतावणी, मग लावण्या, आणि मध्यरात्र कलली की वग. वग म्हणजे तमाशातलं नाटक: ऐतिहासिक, पौराणिक नाहीतर दरोडेखोरांचं. पूर्वी तो पहाटेपर्यंत चालायचा. यात्रेतला खेळ असेल तर कलावंतांना सकाळीही सुटका नसे. दुसऱ्या दिवशी देवळापुढे नाहीतर पारावर 'हजेरी' द्यावी लागे. वग नाही, फक्त गाणी. रात्रभर नाचलेली बाई सकाळच्या उन्हात पुन्हा उभी, आणि समोर रात्री तिकिटाला पैसे नव्हते ते सगळे.

संगमनेर हे या कलेचं जुनं माहेर. पेशवाईतला शाहीर अनंत फंदी संगमनेरचा. पट्ठे बापूरावांच्या फडाचं सोनं करणारी पवळा याच तालुक्यातल्या हिवरगावची. तमाशाच्या बोर्डावर नाचणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तोवर बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशाच्या नादाने घरदार सोडून पट्ठे बापूराव झाले, आणि बापूराव-पवळा जोडीने मुंबईच्या थिएटरांना गर्दी कशी असते ते दाखवलं. तमाशा घराण्यांनी चालवायची गोष्ट झाली ती साधारण याच काळात. बाई बोर्डावर आली, तिची मुलं राहुटीत वाढली, चालता येण्याआधी ठेका ओळखू लागली. त्यांना वेगळं शिकवायला लागत नसे, आणि वेगळा पगारही द्यायला लागत नसे. फडाच्या अर्थकारणातली ही दुसरी गोष्ट पुष्कळदा प्रेमाच्या नावाखाली झाकली जाते.

स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या नेतृत्वाखाली समिती बसली आणि संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर खेळ पुन्हा सुरू झाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्या कलापथकांनी याच धामधुमीत 'लोकनाट्य' हा शब्द पुढे केला. फडांच्या फलकावर आजही 'लोकनाट्य तमाशा मंडळ' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिसतात. एक सरकारला दाखवायचा, एक गावाला.

फलकावरच्या कांताबाई सातारकर मात्र तमाशाच्या घराण्यात जन्मलेल्या नव्हत्या. १९३९ मध्ये गुजरातेत टिंबा इथे, दगडाच्या खाणीवर काम करणाऱ्या आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म. कुटुंब साताऱ्याला परतलं, म्हणून सातारकर. नाचाची ओढ लहानपणापासूनची. कोवळ्या वयातच त्या मुंबईला आल्या, 'गाढवाचं लग्न' गाजवणाऱ्या दादू इंदुरीकरांच्या फडात काम केलं आणि तिथून तुकाराम खेडकरांच्या फडात गेल्या. तुकाराम खेडकर तेव्हाचे नावाजलेले कलावंत. दोघांची बोर्डावरची जोडी जमली, मग संसारही जमला. 'रायगडची राणी', 'गवळ्याची रंभा' असे वग गाजले. कांताबाईंचं वेगळेपण असं की त्या नुसत्या नाचणाऱ्या बाईच्या चौकटीत मावल्या नाहीत. वगात त्या छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करत. ज्या कलेत शंभर वर्षांपूर्वी पुरुष बाई व्हायचे, तिथे एक बाई महाराज होऊन उभी राहायची आणि तंबूतला माणूस नमस्कार करायचा.

१९६४ मध्ये तुकाराम खेडकर गेले. फड माणसाच्या नावावर चालतो, आणि माणूस गेला की फडाचं काय होतं ते कांताबाईंनी पाहिलं. त्यांना तो फड सोडावा लागला. पदरात लहान मुलं होती. दुसऱ्यांच्या फडांत कामं करत त्यांनी पैसा आणि माणसं जोडली आणि काही वर्षांनी स्वतःचा फड उभा केला. नाव दिलं, 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर'. गेलेल्या माणसाचं नाव आधी आणि आपलं नंतर! यात भक्ती होती तशी व्यवहाराची जाणही होती. खेडकर या नावावर तिकीट खपत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे मुलं मोठी झाली. रघुवीर सोंगाड्या म्हणून नावारूपाला आले, मुली अनिता, अलका आणि मंदाराणी बोर्डावर उभ्या राहिल्या, नातवंडंही आली. फलकावर तुकारामांच्या जागी रघुवीर लागलं. 'सह' तसंच राहिलं.

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात याच काळात दुसरं घर भरभराटीला आलेलं होतं. नारायण खुडे, त्यांचे मुलगे भाऊ आणि बापू, भाऊंची मुलगी विठाबाई, विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे, मंगलाताईंचे चिरंजीव नितीनकुमार. पाच पिढ्या. विठाबाईंची ती गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते: नऊ महिन्यांची गरोदर बाई बोर्डावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाली, नाळ दगडाने तोडली आणि पोटाला पदर बांधून पुन्हा उभी राहिली, कारण लोक तिकीट काढून बसले होते. गोष्ट ऐकताना सगळे विठाबाईंच्या धीराचं कौतुक करतात. तंबूतल्या हिशोबात मात्र ती दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. घरचंच माणूस हुकमी नट असेल तर त्याला सुट्टी नसते. १९५७ आणि १९९० असा दोनदा त्यांचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी दात्यांकडे पाहावं लागलं होतं.

फडाची दुखणी घरातूनच सुरू होतात ती वाटणीने. शेताची वाटणी झाली तरी जमीन जागेवर राहते. फडाची वाटणी झाली की अर्धे कलावंत, अर्ध्या वगाच्या वह्या, एखादा ट्रक आणि नावाचा अर्धा हिस्सा वेगळ्या रस्त्याला लागतो. मंगला बनसोडे यांनी १९८३ मध्ये स्वतंत्र फड काढला, त्यांची बहीण मालती इनामदार यांचाही वेगळा फड निघाला. नारायणगावकर हे आडनाव एकाच हंगामात एकापेक्षा जास्त फलकांवर झळकू लागलं. घराणं वाढलं असंही म्हणता येतं. पण प्रत्येक नव्या तंबूला नवी कनात, नवा जनरेटर आणि नवं कर्ज लागत होतं.

पडत्या काळाकडे जाण्याआधी चढता काळ नीट पाहायला हवा, कारण तो थोडाथोडका नव्हता. १९५० ते १९८० ही तीस वर्षं महाराष्ट्रात तमाशाला तोटा नव्हता. गंमत अशी की सिनेमानेही त्याच विहिरीतून पाणी भरलं. १९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी', १९५९ चा 'सांगत्ये ऐका', जो पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला, १९७२ चा 'पिंजरा'. पडद्यावरची लावणी पाहून शहरातला प्रेक्षक हळहळला आणि घरी गेला. तंबूतल्या बाईच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. मात्र गावात उलटा परिणाम झाला. तंबूत बसलेला प्रेक्षक सिनेमातलीच लावणी मागू लागला. पारंपरिक बैठकीच्या चालींची जागा हळूहळू 'फर्माईश' नावाच्या कागदी चिठ्ठीने घेतली. सांगलीकडच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ मात्र 'जहरी प्याला'सारख्या वगावर वर्षानुवर्षं तंबू भरवत राहिले, तेही हवालदारांच्या दोन सोंगांवर. विनोद अस्सल असला की चिठ्ठी येत नाही.

चार भिंतींतल्या थिएटरांची कथा थोडी वेगळी आहे. लालबागचं न्यू हनुमान थिएटर नेराळे कुटुंबाचं. मधुकर नेराळे यांनी ते सांभाळलं. राज्यातले मोठमोठे फड तिथे लागत. प्रेक्षक गिरणगावाचा. सातारा, सांगली, नगर, पुणे इथून आलेला कामगार पाळी सुटल्यावर गावाकडचा आवाज ऐकायला येई. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कधी अधिकृतपणे मिटलाच नाही. कामगार गावी परतला, गिरण्यांच्या जागी मॉल आले आणि थिएटरचा पडदा पडला. जागा लग्नकार्यांना दिली जाऊ लागली. फिरत्या तंबूला एक बरं असतं. एका गावाचा प्रेक्षक आटला तर ट्रक पुढच्या गावाला नेता येतो. लालबागला तसं करता येत नव्हतं.

पण सगळ्याच गावांचं आटत गेलं तर?

मोठ्या फडात शंभर ते दीडशे माणसं असतात. नट, नर्तकी, वादक, बिगारी, आचारी, वायरमन, ड्रायव्हर. यांना रोज दोन वेळचं जेवण, महिन्याचा पगार, हंगामाआधीची उचल. ट्रक-बसचं डिझेल वेगळं. खेळ झाला नाही तरी हा खर्च थांबत नाही. एक रात्र अवकाळी पाऊस पडला की तेवढी रात्र पाण्यात, आणि ओल्या कनातीचं वजन दुप्पट. उचल वाटायला लागणारे लाखो रुपये फडमालक सावकाराकडून व्याजाने आणतो, ते हंगामातल्या तिकिटांवर आणि यात्रांच्या सुपाऱ्यांवर फेडायचे. हे गणित जमायला दोन गोष्टी लागतात: रात्र पूर्ण मिळाली पाहिजे आणि माणूस तिकीट काढून आला पाहिजे.

रात्र आधी गेली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर भोंग्यांना बंदी आली, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पक्की केली. वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते. नियम चुकीचा आहे असं झोपमोड झालेला कोणी म्हणणार नाही. पण ज्या कलेत वग मध्यरात्री सुरू व्हायचा, तिच्यात दहाच्या बंदीने नेमकं नाटकच कापलं गेलं. उरलं ते गण-गवळणीचं उरकणं आणि गाण्यांची रांग. वग लिहिणारे मागे पडले. शिरूर तालुक्यातल्या कवठ्याचे बशीर मोमीन यांच्यासारखा लेखक कितीतरी फडांना वग आणि गाणी पुरवत असे. अशा माणसाला फडाने सांगायचं काय, दीड तासाचा वग लिहा?

मग माणूस गेला. केबल आली, डिश आली, मोबाईल आला, ही यादी सगळ्यांना पाठ आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. खरी स्पर्धा निघाली तमाशाच्याच पोटातून. एक नर्तकी, मागे चार मुली, गाणी पेनड्राइव्हवर. हा कार्यक्रम एका जीपमध्ये मावतो, दोन तासांत संपतो आणि यात्रा कमिटीला तेवढ्याच गर्दीची हमी देतो. शंभर माणसांचं जेवण नाही, हलगी तापवायला पाचट नाही. ज्या तरुणाला तमाशातलं फक्त गाणंच पाहिजे होतं, त्याला ते मोबाईलवरही मिळालं, मैदानातही मिळालं. फडवाल्यांनीही स्वतःला तसं बदलून पाहिलं. रंगमंचावर एलईडी भिंत आली, धूर आला, हिंदी गाणी आली. आणि प्रेक्षक म्हणू लागला की यात तमाशा कुठे राहिला.

सहकारी साखरेचं गणितही याच काळात डळमळलं. राहुरी फॅक्टरीची चाकं अलीकडे कित्येक हंगाम थांबलेलीच राहिली. कारखाना बंद म्हणजे कामगाराचा पगार बंद, उसाच्या टोळ्या दुसरीकडे, चौकातला बाजार सुना. देवळाली प्रवरासारख्या गावात तंबू ठोकून चार रात्री तिकिटावर काढण्याची हिंमत मग कोणता फडमालक करील? यात्रेची सुपारी मिळाली तर यायचं, ठरलेली रक्कम घ्यायची आणि पहाटे निघायचं. तंबूचे फड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आणि नुसत्या यात्रांपुरते निघणारे 'हंगामी' फड वाढले. त्यांना तंबू लागत नाही, उघड्यावरचा रंगमंच गाव देतं.

या सुपाऱ्यांचा बाजार भरतो नारायणगावला. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे रांगेने राहुट्या लागतात, प्रत्येक राहुटीबाहेर फडाचा फलक, आत गादीवर व्यवस्थापक आणि समोर वही. गावोगावचे पंच येतात, चहा होतो, यात्रेची तारीख सांगितली जाते, आकडा ठरतो, बयाणा हातावर पडतो. चैत्र-वैशाखातल्या यात्रांचा सगळा धंदा त्या चार-आठ दिवसांत बांधला जातो. फडांच्या वर्षाची बरी-वाईट बाजू इथे कळते.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभराची टाळेबंदी सुरू झाली त्याचा तो पहिला दिवस. उचल वाटून झालेली होती, यात्रा मात्र एकही होणार नव्हती. पुढच्या वर्षी पाडवा आला १३ एप्रिलला. त्याच संध्याकाळी राज्यात नवे निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या रात्री आठपासून ते लागू झाले. पंचांगाने इतका नेमका घाव क्वचितच कोणावर घातला असेल. लागोपाठ दोन हंगाम बुडाले. नर्तकी शेतमजुरीला गेल्या, वादकांनी भाजीच्या गाड्या लावल्या, उभे ट्रक गंजले, घडी घातलेल्या कनातींना उंदीर लागले. अखिल भारतीय मराठी तमाशा परिषदेच्या वतीने रघुवीर खेडकर सरकारदरबारी खेटे घालत होते. सरकारचं अनुदान पूर्णवेळ आणि हंगामी अशा दोन वर्गांत मिळतं, पण ते खेळ करणाऱ्या फडासाठी असतं. खेळच झाले नाहीत तेव्हा कागद कशाचे जोडायचे, हा प्रश्न होता.

त्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, कांताबाई सातारकरांना संगमनेरला कोरोनाने नेलं. वय ८२. राज्य सरकारने विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला होता. एका घराण्याच्या बाईच्या नावाचा पुरस्कार दुसऱ्या घराण्याच्या बाईला, असा तो योग होता. ज्या बाईच्या खेळाला तंबू फाटेस्तोवर गर्दी व्हायची, तिच्या अंत्यसंस्काराला निर्बंधांमुळे मोजकीच माणसं चालणार होती.

निर्बंध उठल्यावर फड पुन्हा बाहेर पडले, सगळे नाही पण पडले. संगमनेरच्या फडाचा फलक रंगवायची वेळ आली तेव्हा नाव बदललं नाही. रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. कांताबाईंनी एकेकाळी तुकाराम खेडकरांचं नाव असंच त्यांच्यामागे चालू ठेवलं होतं.